घरचा फोन

सावनेरच्या बसची वाट पाहणाऱ्या मेघाच्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या. थोरलीच्या हातात सत्काराच्या भाषणाचा कागद होता.

"ऐक वं, रोशनी. 'ड्यूटीवर घरचा फोन घ्यायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. तिच्यामुळेच मी आज अधीक्षक अभियंता आहे.'"

"हे वाचू नको, ताई."

"काहून?"

"आई पडली, तेव्हा मी तुलेच फोन लावून राहिली होती. तिनं माझा हात धरला."

"काय म्हणे?"

"'मोठीले नको लावू, ड्यूटीवर असन.' अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तेच म्हणून राहिली होती. अन् मग गेलीच."

बस लागली. मेघा उठली नाही. मागून थोरलीचा आवाज आला.

"रविवार होता वं तो. मी घरीच होती."