सुई चालेना, मंग अळ्या

...अन् वरून तो डॉक्टर मलेच म्हणते, 'चूक तुमची आहे.' तुमाले सांगतो, वखराची पास, ते लोखंडी पातं, पायावर पडली, घोट्याखाली ही एवढी जखम, धामनगाव बढ्याहून बैलगाडीत मोताळ्याले गेलो, तिथं लढाईवरून परत आलेला हा डॉक्टर, म्हने पेनिसिलीन नावाचं नवं औषध हाये, नागपूरहून मागवलं, सात दिवस रोज एक सुई घ्याची. तीन सुयांत ठणका गेला, सूज गेली, मी वावरात गेलो. बरं झाल्यावर कोनी सुया टोचून घेते काय? मले सांगा, यात माहं काय चुकलं?

पंधरा दिवसांत पायाचा पुन्हा भोपळा. आता सातच्या सात सुया घेतल्या, पन जखम ढिम्म. डॉक्टर म्हणते, 'अर्धवट औषधानं जंतू मेले नाहीत, सरावले. आता त्यांच्यावर सुई लागू पडत नाही. पाय कापावा लागेल.' म्हटलं, दुसरा काही इलाज? तो चष्मा पुसत म्हणते, 'आहे एक. अळ्या.'

आता बोला. बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या तं आपन सीताफळाचा पाला ठेचून त्या काढतो, अन् हा शिकलेला मानूस बाटलीत पाळलेल्या, धुतलेल्या अळ्या माह्या पायात सोडते, वरून जाळीचं फडकं बांधते... 'सडलेलंच खातात, तुम्हाला नाही खाणार.' मी इचारलं, त्यायले फरक कसा कळते? म्हणते, 'तुमच्यापेक्षा बरा कळतो.' मले सांगा, यात माहं काय चुकलं?

तीन दिवस ओसरीवर पडून. फडक्याच्या आत वळवळ, बाहेर अख्खं गाव. शेजारचा हिंमतराव रोज येऊन फडक्याले कान लावे. माही बायको, अंबूबाई, ताट दुरूनच सरकवे. म्हटलं, जवळ बस जरा, पाय राहते का जाते, मले भेव लागून राह्यलं. बसली. दिवा लावाची येळ झाली तरी उठली नाही.

चौथ्या दिवशी मोताळ्याले पट्टी सोडली. जखम डाळिंबावानी लाल, घान एक कन नाही. पाय वाचला. अळ्या मात्र पंगतीतून उठल्यावानी टम्म.

घरी आलो तं अंबूबाई म्हणते, 'दोनशे पाहुने तीन दिवस अंगावर पोसले तुमी, अन् माह्या भावाले बोलवाचं म्हटलं का घरात जागा नाही?' दुसऱ्याच दिवशी मीच चिठ्ठी धाडली.

आला तिचा भाऊ, किसनराव. दीड महिना झाला. अळ्या निदान चौथ्या दिवशी निघाल्या होत्या.