पात्रे: एक

दिग्दर्शक: सहा नकोत, ताई. चार पात्रांचं नाटक बघा.

ग्रंथपाल: आत्ता दारातून आलात तेव्हा सहा म्हणालात. मी शिडी लावून सहाचा खण काढला.

दिग्दर्शक: तुम्ही शिडीवर असताना फोन आला ना. नायक-नायिका गेले. लग्न ठरलं.

ग्रंथपाल: अरे वा! एकमेकांशी?

दिग्दर्शक: वेगवेगळ्या घरांत. आता दोघंही म्हणतात, प्रेमाचे संवाद म्हणणार नाही.

ग्रंथपाल: बसा तुम्ही. चहा सांगू?

दिग्दर्शक: सांगा. तुम्ही पण घ्या.

ग्रंथपाल: मी घेत नाही. पित्त. हं, चार. विषय कुठला? सूड, मृत्युपत्र, हरवलेला भाऊ... सासू हवी असेल तर तिचा खण वेगळा आहे. जड आहे, दोघांनी ओढावा लागतो.

दिग्दर्शक: कुठलाही चालेल. शनिवारी पडदा वर गेला पाहिजे, बस.

ग्रंथपाल: आज बुधवार आहे.

दिग्दर्शक: माहितीये हो. कारखान्याचे साहेब म्हणाले, सलग दोन वर्षं नाटक झालं नाही. या शनिवारी नाही झालं, तर रंगमंच उखडायचा आणि सभागृहात खोकी भरायची. रिकामी खोकी, ताई! भरलेली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं.

ग्रंथपाल: गेल्या वर्षी तुम्ही नाटक नेलं होतं की. माझ्याकडे नोंद आहे.

दिग्दर्शक: नेलं होतं. तुमच्या कार्डावर लिहिलं होतं, पात्रे चार. मी चार माणसं उभी केली. रंगीत तालमीला कळलं, तीन अंकभर मधोमध एक प्रेत लागतं. प्रेताशिवाय सगळे रडतायत कोणासाठी, हेच कळेना.

ग्रंथपाल: प्रेत मोजणीत धरलेलं नसणार.

दिग्दर्शक: का नसणार? तेच तर मुख्य पात्र!

ग्रंथपाल: ही कार्डं आमच्या बाबांनी केलेली. ते पात्रं कपांवरून मोजायचे. इथल्या प्रत्येक नाटकाचं आधी याच खोलीत वाचन व्हायचं. आई चहा करायची, बाबा नंतर कप विसळायचे. जितके कप, तितकी पात्रं. तोच आकडा कार्डावर.

दिग्दर्शक: म्हणजे प्रेताचं काम करणाऱ्यानं चहा...

ग्रंथपाल: नाही घेतला. भूमिकेत शिरला असेल.

दिग्दर्शक: आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

ग्रंथपाल: तुम्ही आत्ता विचारलंत.

दिग्दर्शक: थांबा. फोन. ...हां, वहिनी, बोला. ...अहो, पण त्याला स्वतःला बोलू द्या ना. ...बरं. बरं. मीठ घालून गुळण्या करायला सांगा. ...तीन काढा, ताई. पॅकिंगवाल्याचा आवाज बसला.

ग्रंथपाल: एक मुकं पात्र असलेलं आहे माझ्याकडे.

दिग्दर्शक: त्याची बायको म्हणते, मुकं काम करायला तो कोणी दगड आहे का? मोठा मानी माणूस.

ग्रंथपाल: तीन. शोकांतिका की फार्स?

दिग्दर्शक: सुरू फार्सनं होऊ दे. पुढचं आपोआप होईल. ...हा परत फोन. ...बोला, सुपरवायझर! ...रात्रपाळी? दोघांनाही? तुमचं ठीक, पण वायरमनला कशाला? ...पाळ्या लावतं कोण? ...स्वतःची रात्रपाळी तुम्ही स्वतःच लावलीत?

ग्रंथपाल: किती काढू?

दिग्दर्शक: साहेब पाठीमागे उभे होते म्हणाला. रिकाम्या खोक्यांची यादी घेऊन.

ग्रंथपाल: अहो, किती काढू?

दिग्दर्शक: एक.

ग्रंथपाल: एक?

दिग्दर्शक: हसू नका.

ग्रंथपाल: मी हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे.

दिग्दर्शक: ताई, बावीस वर्षं मी लेबल चिकटवायच्या यंत्रापाशी उभा आहे. समोरून बाटली येते, जाते. जो कोणी येतो तो बाटलीकडे बघतो. लेबल वाकडं लागलं का, आत हवेचा फुगा राहिला का. वर्षातून एक संध्याकाळ त्या फळ्यांवर उभं राहिलं की तीच माणसं माझ्याकडे बघतात. मला फार काही येत नाही हो. पण बघतात. आता तिथं खोकी बसणार. मी मेलो तर बदली माणूस येईल आणि बाटली थांबणारसुद्धा नाही.

ग्रंथपाल: एकपात्री एकच आहे आमच्याकडे. खणाच्या अगदी मागे. घ्या. विषय: घर बदलणे. अंक एक. पात्रे एक.

(तो उभ्या उभ्या चार पानं उलटतो.)

दिग्दर्शक: ताई.

ग्रंथपाल: काय झालं?

दिग्दर्शक: यात नवरा आहे. आणि बायको आहे. आणि दोघंही बोलतात. आळीपाळीनं.

ग्रंथपाल: असं कसं? कार्डावर एक आहे.

दिग्दर्शक: तुमचं कार्ड घाला चुलीत! घर रिकामं करतायत दोघं. तो पहिल्याच वाक्यात म्हणतो, "अगं, सुरुवात कुठून करू?" आता हे मी कोणाला विचारू? भिंतीला?

ग्रंथपाल: "आरशापासून करा. तो आधी गुंडाळला की निदान आपण कसे दिसतोय ते तरी कळणार नाही."

दिग्दर्शक: ...तुम्ही न बघता म्हणालात.

ग्रंथपाल: हे बाबांनीच लिहिलेलं. याचं वाचन फक्त दोघांचं व्हायचं, बाबा आणि आई. मी पलीकडच्या खोलीत झोपलेली असायचे. म्हणजे, झोपले आहे असं त्यांना वाटायचं.

दिग्दर्शक: मग दोन पात्रं झाली ना!

ग्रंथपाल: चहा आई घ्यायची. बाबांना पित्त होतं.

दिग्दर्शक: तुम्हाला... सगळं पाठ आहे?

ग्रंथपाल: बायकोचं आहे. नवऱ्याचं मध्ये मध्ये राहतं. तिथं बाबांचा आवाज बारीक व्हायचा, भिंतीपलीकडे ऐकू यायचं नाही.

दिग्दर्शक: ताई, मी विचारू का? म्हणजे, तुम्ही नाही म्हणालात तरी...

ग्रंथपाल: तुमची पाळी किती वाजता सुटते?

दिग्दर्शक: चारला.

ग्रंथपाल: मी साडेचारला कुलूप लावते. उद्या इथंच या, पहिल्या पानापासून बसू. आणि येताना खालून चहा एकच सांगून या.

दिग्दर्शक: एकच?

ग्रंथपाल: बाबांचं कार्ड खोटं पडायला नको.