घरचं माणूस शेवटी

सारजा : वाचा की पुढं. थांबलात कशाला? माझं हात करंजीत गुतल्यात, कान मोकळंच हायेत.

सोनबा : तू मधेच तोंड वाकडं करतेस, मग मला धीर राहत नाही. ऐक. "प्रभूच्या कृपेने आमच्या कुटुंबाला सन एकोणीसशे शहाण्णव हे सेवेचं वर्ष लाभलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चर्चच्या मंडळीच्या जीपने गावोगावच्या वृद्धांना डोळ्यांच्या शिबिराला नेलं. कळस, काटेवाडी, अंथुर्णे..."

सारजा : अंथुर्णे बी हाय का त्यात?

सोनबा : अंथुर्ण्याची चार माणसं नेली आपण. खोटं आहे का?

सारजा : खोटं कुठं म्हणते मी? चार नेली. पाचवी बाहीर वट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलीय.

सोनबा : हळू बोल गं. आक्काला ऐकू जाईल.

सारजा : बरं. वाचा.

सोनबा : "एकंदर बहात्तर जणांच्या शस्त्रक्रिया झाल्या. आमची कन्या करुणा हिने सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं. माझ्या पत्नीने पहाटे उठून, न कुरकुरता, सर्वांचे जेवणाचे डबे भरले."

सारजा : न कुरकुरता? अवो, चर्चमधी वाचायचंय हे! देवाच्या घरात एवढं धडधडीत खोटं नका बोलू.

सोनबा : बरं, "थोडीशी कुरकुर करून" लिहितो. झालं?

सारजा : हसवू नका मला. आज हसायला येत न्हाय. वन्संचं काय लिवलंय ते वाचा.

सोनबा : तिचं काही लिहिलं नाही.

सारजा : का न्हाय?

सोनबा : काय लिहू? नाताळची उपकारस्तुती आहे. पाळकसाहेबांनी सांगितलंय, पाच मिनिटांत वर्षभरात देवानं काय दिलं ते सांगा. गेलं काय ते सांगायचं नसतं तिथं.

सारजा : मग माझं एक ऐका. उद्या मंडळीपुढं वाचायच्या आधी ही साक्ष वट्यावर बसून वाचा. वन्संपुढं. वाचवली तर उद्या चर्चमधी खुशाल वाचा, मी पुढच्या बाकावर बसून ऐकीन.

सोनबा : तिला काय सांगू मी?

सारजा : खरं काय ते. बाईला आजून वाटतंय, जीपमधी जागाच न्हवती.

सोनबा : वर्षाच्या सुरुवातीला लोक काय बोलत होते, विसरलीस? "रिटायर झाला नि गुरुजी पुढारी झाला, जीपमधी आपलीच भावकी भरतोय." मला जिव्हारी लागलं होतं ते. म्हणून ठरवलं, घरचं माणूस शेवटी. यादीत आधी परकी माणसं.

सारजा : ठरवलं, आन् ऑगस्टात मंडळीपुढं उभं राहून सांगितलंत बी. "मी माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव माझ्या हातानं खोडलं." लोकांनी कशा माना डोलावल्या! माझी बी डोलली की. लई मोठं काम केलंय माझ्या मालकानं, असं वाटलं मला. म्हणून तर जीव खातंय. एकट्या तुमचं न्हाय हे.

सोनबा : मोतीबिंदू असेल असं धरून चाललो होतो मी. मोतीबिंदू काय, चार महिन्यांनी काढला तरी चालतो. काचबिंदू असेल, नजर कायमची जाईल, हे मला कुठं माहीत?

सारजा : तुमाला ठावं न्हवतं, डॉक्टरला ठावं असतं. पर डॉक्टरपतूर न्यायला पायजे हुतं.

भागुबाई : सारजे! शेंगा झाल्या गं सोलून. काय कुजबूज लावलीय नवरा-बायकूनं? करंज्या खाताय का मला सोडून?

सारजा : न्हाय वो वन्सं! तुमचा भाऊ उद्याची साक्ष वाचतोय.

भागुबाई : मग हिकडं ये की रं! साळंत असताना बी कविता पाठ केलीस की आदी मलाच म्हनून दावायचास. मी साळंचं तोंड बगितलं न्हाय, पर तुझ्या समद्या कविता मला याद हुत्या.

(सोनबा कागद घेऊन ओट्यावर येतो. सारजा दारातच उभी राहते.)

सोनबा : बस आक्का, उठू नको. वाचतो. "प्रभूच्या कृपेने..."

सारजा : सगळी वाचा. घाई करू नका.

भागुबाई : ...बहात्तर! काय बोलतोस काय? बहात्तर मानसांस्नी दिसाया लागलं? सोनबा, आपली आई असती तर मीठ-मोहऱ्या ववाळून टाकल्या असत्या तुझ्यावरनं. आमच्या सासरी छप्पनला बुद्धाची दीक्षा घेतली, तुमी मिशनवालं. पर चांगलं काम ते चांगलंच. अंथुर्न्यात समद्यांस्नी सांगती मी, माझा भाऊ हाय त्यो.

सोनबा : आक्का...

भागुबाई : माझा नंबर लागला न्हाय, ते माझं नशीब. आमचा सुमित वराडतो, आजे, नशीब-बिशीब आपुन मानत न्हाय. आरं मग काय म्हनायचं? मीच येडी. जरा लौकर बोलले आसते तर तू नेलं नसतंस व्हय?

सोनबा : तू वेळेवर बोलली होतीस.

भागुबाई : आं?

सोनबा : तीनदा बोलली हुतीस, आक्का. शिमग्याला पयल्यांदा. मग मी अंथुर्ण्याला आलो तवा. मग करुणाकडनं चिठ्ठी धाडली हुतीस.

भागुबाई : व्हय, चिठ्ठी धाडली हुती खरी. पर जीपमदी जागा न्हवती म्हनालास.

सोनबा : तुझी जागा हुती. एप्रिलात तुझं नाव सातवं हुतं. मीच लिवलं, मीच खोडलं. तुझ्या जागी काटेवाडीची प्रयागबाई बसवली.

भागुबाई : तिला माझ्याहून कमी दिसत हुतं का?

सोनबा : न्हाय. तुझ्याइतकंच.

भागुबाई : मग माझंच का खोडलंस?

सोनबा : तू माझी भैन म्हणून.

भागुबाई : मला कळंना. भैन म्हनून?

सोनबा : लोक म्हणत हुते, गुरुजी आपलीच माणसं भरतो. तसं न्हाय हे मला दावायचं हुतं. सप्टेंबरात तर दोन जागा मोकळ्या गेल्या जीपमधी. तरी तुला निरोप धाडला न्हाय. आन् तुझं नाव खोडल्याचं मी चर्चमधी मिरवून सांगितलं. लोकांनी वा वा केली.

भागुबाई : मोकळ्या गेल्या?

सोनबा : व्हय.

भागुबाई : म्हंजी मी तुझी कुनी नसते, तर मला दिसत आसतं.

सोनबा : आक्का, मला चपलेनं मार.

भागुबाई : चप्पल कुटं ठिवलीय ते मला दिसंना.

सारजा : वन्सं, मला बी ठावं हुतं समदं. मी बी बोलले न्हाय.

भागुबाई : तू गप ऱ्हा, सारजे. तुझा राग मागनं करीन. एका टायमाला एकाचाच जमतो मला. ...शिमग्याला मला तव्यावरची भाकर दिसत हुती रं. सुमितच्या मेघनाचं तोंड दिसत हुतं, बारीक डोळ्याची हाय ती, आपल्या आईसारखी. दिवाळीला तिला दात आलं. समदी म्हनाली, आजे बग, दोन दात आलं. मी बोट घातलं तिच्या तोंडात. तेवडंच बगितलं.

सोनबा : हा कागद मी फाडतो. उद्या चर्चमधी समद्यांपुढं उभा राहतो आन् खरं सांगतो. माझ्या फुशारकीपायी माझ्या भैणीचं डोळं गेलं, असं सांगतो.

भागुबाई : नगं.

सोनबा : का?

भागुबाई : तू रडशील. लोक बी रडत्याल. म्हनत्याल, बगा किती मोठ्या मनाचा गुरुजी, आपली चूक कबूल केली. परत माना डोलावत्याल. एकदा माझ्या डोळ्यावर नाव मिळिवलंस. दुसऱ्यांदा मिळवू नगंस.

सोनबा : मग काय करू मी? तू सांगशील ते करतो.

भागुबाई : आता इचारतोस? शिमग्याला इचारायचंस.

सारजा : अवो, वन्संस्नी पानी आणू का?

भागुबाई : पानी नगं मला. सोनबा, कागद फाडू नगं. त्या बहात्तर जनांनी काय केलंय? त्येंचं आय-बाप, आज्ज्या बगाया लागल्या, त्येंच्या घरी आनंद हाय. उद्या वाच ते. सारजा बहात्तर डबं भरायला उठली, करुणानं औशीद घातलं, ते बी वाच. देवाचं उपकार मान. माझं नाव मातूर त्यात काढायचं न्हाय. चांगलं बी न्हाय, वंगाळ बी न्हाय.

सोनबा : मला वाचवणार नाही आता.

भागुबाई : वाचवंल. मास्तर हाईस तू.

सोनबा : मी घाबरलो गं आक्का. लोकांच्या तोंडाला घाबरलो.

भागुबाई : लोकांला घाबरलास. मला घाबराया पायजे हुतास. ल्हानपनी दोन रपाटं जास्तीचं घालाया पायजे हुतं तुला, ते माझं चुकलं. ...सारजे, माझी पिशवी आन. घरी जाते मी.

सारजा : वन्सं, असं नका करू. उद्या नाताळ. करंज्या तळतीय मी. आजतागायत एक नाताळ चुकला न्हाय तुमचा हितला.

भागुबाई : आवंदा चुकू दे.

सोनबा : आजचा दिवस तरी थांब. उद्या दुपारी सोडतो. आक्का, अशी रागानं जाऊ नको.

भागुबाई : राग आलाय तर. लई आलाय. डोळं असतं तर आत्ता तरातरा ष्ट्यांडावर गेले असते, मागं वळून बगितलं नसतं. आता रागावून जायाचं म्हनलं तरी तुझाच हात धरावा लागतोय. दे हिकडं. हळू चल.