विलायतेला निघालेला नारळ

हसू नका, पण इतिहासात बी.ए. करायला विलायतेला निघालो तेव्हा मला समुद्राची भीती वाटत होती. रेवदंड्याहून मुंबईपर्यंत शिडाच्या पडावानं जायचं होतं. खाडीच्या तोंडाशी आईनं दिलेला नारळ मी पडाव हाकणाऱ्या तांडेलाच्या हाती ठेवला. "दर्याला द्या."

त्यानं विचारलं, "किती दिसांचा परवास हाय?"

"अठरा. त्यात पाच दिवस तर किनाराच दिसत नाही."

जन्म समुद्रावर काढलेल्या त्या माणसानं नारळ उलटसुलट करून पाहिला. नारळ परत माझ्या हातात देत म्हणाला, "आमचा दर्या तवढा लांब न्हाय. तिकडच्याला द्या."

आगबोटीवर रोज नारळ घेऊन कठड्याशी उभा राहायचो. चुकीच्या दर्याला दिला तर? विचारणार कोणाला?

नारळ शेंडीसकट लंडनला उतरला.