शेऱ्याचा रकाना

आमच्या पूनमचं सांगतो. वरवट बकालची ही पोरगी आणि तिची मैत्रीण, दोघीच माझ्या बियाण्याच्या दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळतात. परवा अपग्रेड करताना म्हणाली, "काका, डेटाबेसमधला हा शेऱ्याचा रकाना उडवून राह्यली मी. नव्या व्हर्जनले त्याचं काम नाही."

"बाई, त्यात माझी गिऱ्हाइकं आहेत."

"गिऱ्हाइकं नावाच्या रकान्यात आहेत, काका!"

"उडव, पण आधी वाच."

ती हसत वाचू लागली, "डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. गुडघे दुखतात, आधी खुर्ची द्या."

मग तिच्या बाबांचं नाव आलं. पुढं माझा शेरा होता, 'पोरीचं विचारा, खुलतात.'

रकाना पूनमनं ठेवला. वर बाबांच्या शेऱ्यात स्वतःच टाइप केलं, 'चहात साखर देऊ नका, मागतील.'