सहा बदामांवरचं डबल

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे आमचे ज्येष्ठ विश्वस्त, शेजारच्या क्लबांतून आवर्जून आलेले पाहुणे, आणि पत्ते खाली ठेवून तासभर खुर्चीत बसायला तयार झालेल्या माझ्या सभासद मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना नमस्कार. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत, त्या आपल्या वहिनींना एक वेगळा, वाकून नमस्कार.

वहिनी उद्या मुलीकडे राहायला जाणार. कायमच्या. आता त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला मलाच का सांगितलं? मी दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर माणसं तोंड उघडतात, पण बोलत कुणी नाही. शिवाय मी त्यांच्या संघात कधीच नव्हतो. मी कायम समोरच्या बाजूला. पण त्यांचा जो डाव सगळ्यांना ऐकून माहीत आहे, तो त्यांच्या डाव्या हाताला बसून मी पाहिला. नुसता पाहिला नाही, हरलो.

आपल्यातल्या नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. वहिनी नकाशे काढायच्या, वास्तुविशारदाच्या कचेरीत. त्यांचे यजमान म्हणजे आपले दादा. या क्लबातल्या निम्म्या लोकांना ब्रिज त्यांनीच शिकवलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी बायकोला शिकवलं आणि धाकट्या भावालाही. धाकटे म्हणजे आपले घड्याळवाले भावोजी. ते तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्ता माझ्याकडे डोळे वटारून पाहतायत. भावोजी, वहिनींची परवानगी मी घेतली आहे. तुमची मागितली असती तर मिळाली नसती.

दादा आजारी पडले. एक ऑपरेशन झालं, दुसरं करायचं की नाही असा प्रश्न आला. भावोजी म्हणत होते, करायचंच, मोठ्या इस्पितळात नेऊ. वहिनींनी दादांना घरी आणलं. महिन्याभरात दादा गेले. आणि दारात चपलांचा ढीग असताना, सगळ्यांच्या देखत, भावोजी त्यांना म्हणाले, "तुम्ही हात टेकलेत. माझ्या भावाला तुम्ही सोडून दिलंत."  तिथून दोघांचं बोलणं तुटलं. क्लबात दोघं यायचे, एकाच किटलीतला चहा घ्यायचे, पण वहिनी या टेबलावर तर भावोजी त्या टोकाला. आम्हीही जोड्या लावताना तेवढं सांभाळायचो.

मग आली ती वार्षिक स्पर्धेची अंतिम फेरी. वहिनींचे नेहमीचे जोडीदार, म्हणजे संघाचे कप्तान, सकाळी अंथरुणातून उठायला गेले आणि कंबर धरून तिथेच बसले. राखीव खेळाडू एकच. कोण, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. भावोजी आले, वहिनींच्या समोरची खुर्ची ओढली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, मी दादांच्याच पद्धतीने खेळतो." समोर बसलेल्या बाईंना निरोप, तोही माझ्यामार्फत! वहिनी शांतपणे मला म्हणाल्या, "डॉक्टर, मलाही तीच येते म्हणावं."

दिवसभर सामना तराजूसारखा झुलत राहिला. शेवटच्या डावाला पानं उचलली. लांबलचक बदाम. मी बदाम बोललो, माझ्या डावीकडून भावोजी इस्पिक बोलले, वहिनींनी त्यांच्या इस्पिकला दुजोरा दिला, आणि माझ्या जोडीदाराने एकदम सहा बदाम लावले. म्हणजे बदाम हुकूम धरून तेरातले बारा हात करायचे. फक्त एक हरायची मुभा. किलवरचा एक्का आमच्याकडे नव्हता, तो एक हात जाणारच होता. बाकी सगळं आमचं.

तेवढ्यात वहिनींनी बोलीच्या पेटीतला डबलचा लाल पत्ता टेबलावर ठेवला.

पाहुण्यांमध्ये ब्रिज न खेळणारेही आहेत म्हणून सांगतो. एरवी डबल म्हणजे 'तुम्ही बुडणार, दंड दुप्पट'. पण इतक्या मोठ्या करारावर, पहिली उतारी जोडीदाराची असताना केलेलं डबल वेगळं असतं. ते सांगतं, 'तुझ्या मनातली नेहमीची उतारी करू नकोस. दुसरं काहीतरी खेळ.' कोणतं, ते सांगायची सोय नाही. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. आणि जोडीदार चुकला, तर डबल झालेला करार पुरा होतो आणि सामना हातचा जातो.

भावोजींच्या हातात इस्पिकचा राजा, राणी, गुलाम. असली पानं हाती असताना दुसरं काही उतरायचं म्हणजे मन घट्ट करावं लागतं. त्यांनी राजा अर्धा वर काढला. माझा जीव भांड्यात पडायला आला होता. तो खाली पडला असता तर मी सुटलोच असतो. त्यांनी तो परत आत सरकवला.

मग ते नुसते बसून राहिले. घड्याळाच्या चक्रात चिमटा घालताना धरतात तसा श्वास धरून. वहिनींनी पानं पालथी ठेवली होती आणि चष्मा काढून त्या समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून एक अक्षर वाचता येत नव्हतं. भावोजींच्या डोक्यात काय चाललं असेल? या बाईवर विश्वास ठेवायचा? जिच्या निर्णयाने आपला भाऊ गेला असं आपण मानतो, तिच्या एका पत्त्यावर? पंच जवळ येऊन उभे राहिले.

भावोजींनी एक पान काढून पालथं ठेवलं. बोलींविषयी काही विचारायचं असेल तर पान उलटण्याआधी, असा नियम; वहिनी म्हणाल्या, "शंका नाही." पान उलटलं.

चौकटची पंजी.

त्यांच्याकडे चौकट पाच होत्या, किलवर दोनच. ज्या रंगाची पानं आपल्याकडे जास्त, त्याचं वहिनींकडे एकही नसणार आणि त्या हुकमाने कापतील, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. आणि वहिनींकडे चौकटचं एकही पान नव्हतं. त्यांनी बदामाची दुर्री टाकून तो हात कापला, लगेच किलवरचा एक्का वाजवला, आणि मी बुडालो. दुसऱ्या टेबलावर हीच पानं घेऊन त्यांच्या संघातली दुसरी जोडी आमच्या जागी खेळत होती, आणि करारही तोच होता. तिथे डबल नव्हतं, उतारी इस्पिकची झाली आणि करार आरामात पुरा झाला. सामना त्यांचा.

टाळ्या झाल्या. मी हात पुढे केला, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. भावोजी टेबलावर वाकून थेट वहिनींना विचारत होते, "वहिनी, दादांना घरी आणलंत, तेव्हाही असंच काही होतं का? मला न दिसणारं?"

वहिनींनी चष्मा चढवला. म्हणाल्या, "होतं. त्यांनीच सांगितलं होतं, आता पुरे, मला घरी ने. आणि धाकट्याला कळू देऊ नकोस, तो पाय धरून बसेल, मग मला नाही म्हणता येणार नाही."

"मग मी दारात तसं बोललो, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"त्यांना शब्द दिला होता, भावोजी. आणि तुम्हाला तेव्हा कुणावर तरी चिडायचंच होतं. माझ्यावर चिडलात ते बरं झालं. त्यांच्यावर चिडला असतात, तर स्वतःला कधी माफ केलं नसतंत."

भावोजी उठून, आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेले. वहिनींनी पानं गोळा केली. आम्ही दोघे प्रतिस्पर्धी, तिथे काय करायचं ते न सुचून, पेन्सिली गोळा करत राहिलो.

त्यानंतर ती जोडी काही फुटली नाही. त्यांनी आम्हाला किती वेळा लोळवलं, ते या प्रसन्न प्रसंगी सांगायला नको.

अध्यक्ष महोदया, आवरतोच. आज भावोजींनीही बोलावं असा आग्रह होता. ते नाही म्हणाले. पण आत येताना त्यांनी माझा दंड धरला आणि एक निरोप दिला. पुन्हा माझ्यामार्फतच, जुनी खोड, दुसरं काय. वहिनी, ते म्हणाले, "घराची किल्ली माझ्याकडे ठेवून जा म्हणावं. रविवारी जाऊन खिडक्या उघडीन. आणि विकायचं बिकायचं काही मनात आणू नका. दमल्या की परत या."

वहिनी, उत्तर मला देऊ नका. ते तिसऱ्या रांगेत आहेत.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत राहिलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात घरची गोष्ट चारचौघांत आणली, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पदरात घ्या. मी थांबतो.