आतली कडी

आई : कडी बोटभर खाली काढली आहेस. आणि ती नुसती सरकत नाही, आधी उचलावी लागते.

लेक : कुठली कडी?

आई : ही, एकोणिसाव्या पानावरच्या चित्रातली. तुझ्या आजीच्या दाराची.

लेक : ती आतली बाजू मी मनानंच काढली. आजी आतून कडी घालतेय, बाहेर तू मला कडेवर घेऊन उभी. तूच सांगितलंस ना, बाबा गेल्यावर त्यांच्या माणसांनी आपल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं?

आई : सांगितलं खरं.

लेक : मग आतली कडी तुला कशी माहीत?

आई : चहा टाकू?

लेक : आई.

आई : अगं, कड्या सगळ्या सारख्याच.

लेक : आत्ताच म्हणालीस, ही उचलावी लागते.

आई : पोलिसात भरती व्हायचं सोडून चित्रं काय काढत बसलीस!

लेक : किती दिवस होतो आपण आत?

आई : अकरा. सासूबाईंनी दार उघडलं, तुला हातात घेतलं. माझ्यासाठी अंघोळीचं पाणी तापवलं.

लेक : शाळेत पोरी विचारायच्या, तू नक्की कुणाकडची? मी म्हणायचे, आईकडची. तिकडच्यांना आम्ही नकोत. सगळं पुस्तक या एका दारावर उभं आहे, आई. उद्या छापायला जातंय.

आई : ठाऊक आहे.

लेक : मग तिथून निघालीस कशाला?

आई : तू नुकती बोलायला लागली होतीस. बाराव्या दिवशी माझ्याकडे बघून काहीतरी मागितलंस. त्यांच्या भाषेत, मराठीत नाही. मला कळेना. सासूबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या. तू हसलीस, त्याही हसल्या. आणि मी आपली खुळ्यासारखी उभी. माझीच पोर मला कळत नव्हती.

लेक : पाणीच तर मागितलं होतं.

आई : हो. दुपारी सगळे आडवे झाले, तेव्हा तुला उचललं, कडी काढली आणि निघाले.

लेक : तिनं शोधलं नाही आपल्याला?

आई : पत्रं आली. सात. लिपी त्यांची, मला वाचता येईना. कपाटात खालच्या कप्प्यात आहेत.

लेक : आणि मला म्हणालीस, त्यांना आपण नकोत.

आई : दर वाढदिवसाला वाटायचं, आज सांगावं. मग तू केक कापायचीस.

लेक : आता या पानाचं मी काय करू? तुझी अब्रू झाकायला असंच जाऊ देऊ?

आई : रबर आहे ना जवळ?

लेक : आहे.

आई : मग सासूबाईंचा हात खोड. त्या कडीवर माझा काढ.